टोपीखालची नववी सुई

शमीमचा फोन आला तेव्हा पौडला चहाच्या दुकानात बसून मी वसुधाताईंचीच गोष्ट सांगत होतो. गोष्ट अगदी रंगात आली होती. ताई माझ्या डोक्यात अकरा सुया विसरल्या, सुयांवरून मी टोपी घातली, तसाच भावकीच्या बैठकीत जाऊन बसलो आणि डोक्याची एरियल झाल्यामुळे मला आकाशवाणीच्या बातम्या ऐकू यायला लागल्या… इथवर आलो होतो. ऐकणाऱ्यांपैकी एकाच्या नाकातून चहा बाहेर यायच्या बेतात होता. तेवढ्यात फोन. पलीकडून शमीम म्हणाली, "आप्पा, ताई गेल्या. सकाळी, पुण्यात, भाचीच्या घरी." मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच निघालं. दुकानातले म्हणाले, "आप्पा, म्होरं काय झालं ते सांगा की!" मला पुढचं सांगता आलं नाही. त्याला आता दीड महिना होत आला. म्होरं काय झालं ते आज लिहितोय, आणि यावेळी सुया मोजून.

मी रिहे गावचा. भात पिकवतो आणि गप्पा मारतो. पैकी दुसरं पीक बारमाही. रस्त्याकडेला माझी एक लांबट खोली आहे. तिच्यात आधी भाताची पोती असत, मग खताची, आणि नंतर एका मांजरीनं तिचा ताबा घेतला. बऱ्याच वर्षांपूर्वी एके सकाळी वसुधाताई स्कूटर घेऊन आल्या. स्कूटर इतकी जुनी, की चढावर ती बाईंना आणत नसे, बाईच तिला आणत. म्हणाल्या, अ‍ॅक्युपंक्चरसाठी जागा हवी आहे. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाल्या, सुया लावायच्या. मी विचारलं, "सुईत औषध कसलं भरता?" "कसलंच नाही. ती पोकळ नसतेच, भरीव असते." "मग आत जातं काय?" बाई खळखळून हसल्या. "हाच प्रश्न मला वीस वर्षं पडलाय, आप्पा!" आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाला आपल्याच धंद्याचं कोडं पडलंय आणि तो ते हसून सांगतोय, अशा माणसाला खोली नाही द्यायची तर कुणाला द्यायची? मांजरीला मी त्याच दिवशी नोटीस दिली.

ताई पूर्वी नकाशे काढायच्या कचेरीत होत्या. माणसाचं अंगही त्या तसंच बघत, नवीन मुलूख बघावा तसं. खोलीत सहा कापडी आरामखुर्च्या मांडल्या. पडदा नाही, आडोसा नाही. सगळे एकत्र बसणार, हाताला, पायाला, कानाला केसाएवढ्या बारीक सुया, आणि अर्धा तास गप्प. पैशांची डबी झाकणाची होती, कुणी किती टाकलं ते दिसत नसे; जमेल ते आत टाकायचं. कोणी तांदूळ आणले तरी चालत. बाकी सगळं ठीक, पण गप्प! आमच्या खोऱ्यात अर्धा तास गप्प बसलेला माणूस एकतर झोपलेला असतो नाहीतर रुसलेला. पहिल्या दिवशी मी साडेचार मिनिटं टिकलो आणि तो तालुक्याचा विक्रम होता.

ताईंना मात्र बोलायचं असे ते सुया लावायच्या आधी. मनगट हातात धरून बसत आणि असे प्रश्न विचारत की माणूस घरी जाऊनही त्यात अडकलेला राही. मला म्हणाल्या, "आप्पा, राग आला की तुम्हाला कुठे येतो?" मी म्हणालो, "चावडीवर." "तसं नव्हे हो. अंगात कुठे?" मी तीन दिवस स्वतःवर पाळत ठेवली. चौथ्या दिवशी जाऊन सांगितलं, डाव्या जबड्यात. बाईंना सोन्याची खाण सापडल्यासारखा आनंद झाला. लावणी करणाऱ्या बायकांची कंबर नेमकी कुठे धरते ते कळेना म्हणून एकदा दिवसभर आमच्या खाचरात वाकून रोपं लावत राहिल्या. संध्याकाळी शमीमला पेन दिलं आणि स्वतःच्या पाठीवर दुखेल तिथं खुणा करून घेतल्या. आमची कारभारीण, हिरा, त्यांना म्हणाली, "ताई, तुमी लावलेली रोपं उद्या पुन्यांदा लावाया लागतील." तर त्याचीही त्यांनी वहीत नोंद केली. मोठेपणा मात्र कधी मिरवला नाही. हाडाचं दुखणं वाटलं तर सुईच लावत नसत. "मी डॉक्टर नाही, आधी फोटो काढून या," म्हणून पिटाळत.

शमीम पौडची. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. आईचे गुडघे घेऊन ती आली आणि आईचे गुडघे घरी गेल्यावरही येत राहिली. ताईंनी तिला शिकवायला घेतलं. वर्षभर ती माझ्या वेलावरच्या दुध्या भोपळ्यांना सुया टोचत होती. त्या वर्षी आमच्या एकाही दुध्याची पाठ दुखली नाही, हे मी शपथेवर सांगतो. पुढे जिवंत माणसाला लावायची पहिली सुई तिनं ताईंच्याच हाताला लावली. ताई कुतूहलानं बघत होत्या, जणू हात दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

आणि एक नियम. प्रत्येक खुर्चीला एक पाटी टांगलेली. जितक्या सुया लावल्या तितका आकडा खडूनं पाटीवर लिहायचा. काढताना मोठ्यानं मोजायच्या. दोन्ही जुळल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

आता तो दिवस. माझ्या पाटीवर नऊ होता. आठ हातापायांना, नववी टाळूवर, बरोबर मधोमध. बाहेर धाकटा भाऊ मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवत होता. मनगट धरलं होतं तेव्हाच ताईंनी विचारलं होतं, "आज कसली घाई आहे?" मी म्हणालो, "भाच्याचा साखरपुडा." त्यांनी मनगट जरा जास्त वेळ धरून ठेवलं. अर्धा तास झाला. शमीमनं आठ सुया काढल्या आणि शेजारच्या म्हातारीचा पाय घसरला म्हणून ती तिकडे वळली. पुन्हा हॉर्न. मी उठलो. खोलीच्या त्या टोकाकडून ताई म्हणाल्या, "आप्पा, थांबा, एक राहिलीय." मी टोपी घातली आणि गेलो. आजवर शेकडो वेळा ही गोष्ट सांगितली, पण हे वाक्य मी प्रत्येक वेळी गाळलं. मला ऐकू आलं होतं. स्पष्ट ऐकू आलं होतं.

थांबलो असतो तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, कसली घाई. आणि साखरपुडा वगैरे काही नव्हता. रस्त्याकडेचा तुकडा विकायची बैठक होती. शहरातून गिऱ्हाईक आलं होतं, त्याला फार्महाऊस बांधायचं होतं. त्या तुकड्यावर होती ती खोली… जिच्यात मी पाच मिनिटांपूर्वी पाय पसरून बसलो होतो.

भावाच्या अंगणात बाजेवर जागेचा नकाशा पसरला होता. मी जाऊन बसलो. आमची टोपी मधे पोकळ उभी राहते, त्यामुळे सुईला काही त्रास नव्हता आणि मलाही नव्हता. सही करायची तेवढ्यात स्कूटर फटफटत आली. ताईंनी डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नाही. थेट माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "आप्पा, टोपी काढा." सगळी भावकी बघत होती. चारचौघांत एका बाईनं मला टोपी काढायला सांगितली होती. मी काढली. त्यांनी हलक्या हातानं सुई काढली, कापूस दाबून धरला, आणि तेवढ्यात त्यांची नजर बाजेवर गेली. नकाशे काढण्यात निम्मी हयात गेलेली बाई. वाचायला तिला किती वेळ लागणार? खोलीच्या चौकोनावर नजर थांबली. मग अंगणाकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी मोजून मगच यांना उठू द्यायला हवं होतं." हेल्मेटची काच खाली ओढली आणि गेल्या.

मी सही केली नाही. धाकटा वर्षभर बोलला नाही. पण गावाला काय सांगणार? बैठक कसली होती असं कुणी विचारायच्या आत मी सुईची गोष्ट सुरू केली. लोक हसायला लागले की पुढचं विचारत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि गोष्टीला माझ्या जिभेचं खत मिळालं. भुकूमला सुया तीन झाल्या, पौडला सात, आणि लवासाच्या वाटेवर, जिथं ऐकायला माणूस सापडेना, तिथं मी एका म्हशीला अकरा सांगितल्या, आणि तेही गावभर सांगितलं. हळूहळू खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. बायका म्हणायच्या, "नगं बाई, डोस्क्यात सुया इसरत्यात म्हनं." ताईंनी सुई हातात घेणंच बंद केलं. सगळं शमीमवर सोपवलं आणि स्वतः नुसत्या पाट्या लिहीत बसायच्या. एक अख्खा पावसाळा.

शमीमनं मला रस्त्यात गाठलं. "आप्पा, गोष्ट तुमची हाय, पन खुर्च्या आमच्या रिकाम्या हायेत." मी म्हणालो, "अगं, गंमत करतोय." "गंमत हाय तर मग आत येऊन करा. ताईंच्या तोंडावर सांगा अकरा." मी गेलो नाही. गेली ती हिरा. सरळ मधल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, माज्या डोक्यात लावा. मधोमध. आन् शमीमनं न्हाई, तुमी लावा." ताईंनी लावली. बाहेर दारात चार बायका डोकावत होत्या. हिरा अर्धा तास गप्प बसली, म्हणजे माझा विक्रमही गेला. पुढच्या आठवड्यात खुर्च्या भरल्या. त्याच दिवशी ताईंनी भिंतीत खिळे ठोकून घेतले आणि नवा नियम केला: आत आलं की टोपी खिळ्याला, आकडा जुळला की टोपी डोक्याला. नियम कुणामुळे झाला ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी.

एकदाच धीर करून विचारलं होतं. दोघेच होतो, ताई खुर्च्या पुसत होत्या. "ताई, मी तुमचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुम्ही ते कुणाला का सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पळालात, हे तुमचं. तुमच्या डोक्यात सुई होती, हे माझं. मी माझं तेवढं सांगितलं." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "तुमचं तुम्ही कधी सांगताय, याचं मला फार कुतूहल आहे." आवाजात राग अजिबात नव्हता. त्याच आवाजात त्यांनी विचारलं होतं, राग कुठे येतो. मी हसून विषय बदलला… आणि मग वर्षं गेली. वेळ भरपूर आहे असं वाटत राहतं.

तेरावं झाल्यावर शमीमनं मला खोलीत बोलावलं. ताईंच्या वहीतून एक घडी केलेला कागद काढला. "ह्यो तुमच्यासाठी ठेवलाय त्यांनी." नकाशा होता. आपल्या मुळशी तालुक्याचा, शाईनं काढलेला, ओढे, वळणं, खिंडी, सगळं जागच्या जागी. आणि गावागावांपुढे बारीक अक्षरात आकडे. भुकूम, तीन. पौड, सात, ते खोडून नऊ, ते खोडून अकरा. लवासाच्या रस्त्यावर एक छोटीशी म्हैस, तिच्यापुढेही अकरा! बाईंनी माझी गोष्ट कुठं किती वाढली याची मोजणी केली होती. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असणार, तुमच्याकडे किती सुया सांगतात हो? मी हसत सुटलो. हसता हसता बोट रिहे गावावर आलं. तिथं माझ्या खोलीचा चौकोन होता, अगदी तसाच, जसा त्या दिवशी बाजेवर होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: एक. आप्पांना माहीत आहे.

मग मी हसलो नाही. शमीम पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर गेली.

त्या आठवड्यात पौडला त्याच दुकानात गेलो आणि उरलेली गोष्ट सांगितली. एकच सुई होती. त्यांनी थांबा म्हटलं होतं. मी थांबलो नाही, कारण त्यांचीच खोली विकायला निघालो होतो.  मग नाकातून चहा काढणारा गडी म्हणाला, "एकच? मग ह्यात गोष्ट कसली, आप्पा?" मी म्हटलं, हीच. तो पैसे देऊन निघून गेला. त्याच्या कपात अर्धा चहा तसाच होता. घरी येऊन नकाशावर पौडचे अकरा खोडले आणि एक लिहिला. भुकूम अजून राहिलंय. म्हशीचा पत्ता शोधतोय.

खोली आहे तिथंच आहे. आता सुया शमीम लावते. मनगट धरते, पण प्रश्न अजून जरा घाबरत विचारते. परवा विचारलं, "आप्पा, ताईंची आठवन येती ती अंगात कुटं येती?" मी म्हणालो, बघून सांगतो.

त्या दिवशी पाटीवर नऊ होता. शमीमनं मोठ्यानं मोजत आठ काढल्या आणि तिला पलीकडून कुणीतरी हाक मारली म्हणून ती तिकडे गेली. बाहेर धाकट्यानं हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. टोपी समोर खिळ्याला होती, हात लांब केला असता तर आली असती. खोलीच्या त्या टोकाला ताईंचं स्टूल रिकामं होतं. मी उघड्या डोक्यानं बसून राहिलो.