धारकर्णदेवाचं पान

लोधीखेड्याच्या भाटानं आमच्या घराला फसवलं, असं पांढुर्ण्यात आजही बोलतात. खोटं आहे. फसवलं मी. हे बायकोलाही कधी सांगितलं नाही — तुम्हालाच सांगतो आहे.

भाट म्हणजे आमच्या कुळाची वंशावळ लिहिणारा. तीन-चार वर्षांनी यायचा, शिवाय बोलावलं की लग्नकार्यात पोथीतून पिढ्या वाचून दाखवायचा. ती लिपी त्याच्याशिवाय कोणाला येत नव्हती. तरी पोथीत नाही ते तो तोंडातून काढत नसे.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलीला सौंसरचं स्थळ आलं होतं, संत्र्याचे मोठे बगीचेवाले. मी तिगाव स्टेशनच्या फलाटावर टोपलीतून संत्री विकून वर आलेला, बगीचा स्वतः घेतलेला. मुलाचे वडील हसत म्हणाले, "बगीचा तं समजला जी, घराणं कोणतं म्हणता?" ते हसणं झोंबलं. मी भाटाला बोलावलं — आमच्या कुळात एक सम्राट लिही म्हटलं.

त्यानं कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, आमच्या एकाही भाऊबंदाचं दार तुला उघडणार नाही. मग बसला. आणि संत्र्याचा सौदा करावा तशी आम्ही सम्राटावर घासाघीस केली. नाव ठरलं धारकर्णदेव. मी चाळीस वर्षं राज्य मागितलं.

"बापच चाळीस वर्षं राज करन, तं पोरगा कवा बसन गादीवर, भाऊ?"

सत्तावीसवर सौदा जमला. हत्ती मी शंभर म्हटले. "जाम नदी आटन ना जी!" बारा झाले. रणांगणावरचं मरण मात्र मी सोडलं नाही.

एवढ्या राज्याला अख्खं पान हवं होतं. आमच्या घराच्या पानांत जवळजवळ कोरं असं एकच. वर दोन ओळी — माझा वारलेला मोठा भाऊ, आणि त्याचा मुलगा वामन. "हे नावं राहू द्या," भाट म्हणाला. खरवड, मी म्हटलं, नंतर दुसरीकडे लिहू. जागा नव्हती म्हणून? नाही. भावानं वाटणीत मला वडिलांच्या बगीच्यातलं एकही झाड दिलं नव्हतं. ओळी खरवडल्या जाताना मी समोर बसलो होतो. बरं वाटलं. आणि ते 'नंतर' मी कधी येऊच दिलं नाही.

मुलीचं लग्न झालं. सौंसरकरांनी सत्तावीस वर्षांचं राज्य मान खाली घालून ऐकलं.

दोन वर्षांनी वामनचा साखरपुडा. भाटानं माझा सम्राट खणखणीत वाचला, आणि थांबला.

"नवरदेवाचं नाव घ्या ना," नवरीकडचे म्हणाले.

"पोथीत नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं.

नवरीचे काका उठले. "मंग हा कोणाचा?" माझी विधवा वहिनी होती तिथेच खाली बसली.

कोणीतरी बोलायला हवं होतं — मी बोललो. "भाटानं नाव खाल्लं!" ओरडलो, आणि पहिला हात मीच टाकला. त्याचं पागोटं पडलं. लोकांनी पोथी हिसकून विहिरीत फेकली. तेव्हाही त्यानं माझं नाव घेतलं नाही. का? मला अजून कळलेलं नाही.

वामनचं लग्न मोडलं ते पुन्हा जमलं नाही. वहिनी अजून भाटाला शिव्या देते आणि मला चहा देते. मी पितो.

वामन, तुझं नाव तुझ्या काकानं खरवडायला लावलं. भाटावर राग धरू नको. जाब मला विचार — चार भाऊबंदांसमोर, उभं करून.