अस्वलाच्या दुपारची कपार

नसरापूरला वेल्ह्याच्या एसटीत बसताना सुमनने, माझ्या पत्नीने, एवढेच विचारले, "अहो, तिकडे अस्वलं आहेत ना?" अस्वल रात्री हिंडते, दिवसा काळजी नको, असे मी तिला ठामपणे सांगितले. त्या ठामपणाची आता लाज वाटते.

मे महिना होता. डोंगरवाटेला करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या. अर्ध्या चढावर सुमनचे गुडघे दुखू लागले. जवळच एक गार कपार दिसली. तिच्या तोंडाशी सावलीत सुमनला बसवून मी बाटली भरायला पलीकडच्या टाक्यावर (खडकात खोदलेल्या पाणवठ्यावर) गेलो.

तिथे वरच्या धनगरवाडीतल्या ठकूबाई कळशी भरत होत्या.

"येकलंच आलाय व्हय, पावनं?"

"नाही, पत्नी आहे. त्या कपारीत बसवून आलो."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "अवं, दिसा तितंच निजतंय की अस्वल! उन्हाचं कुठं जाईल त्ये?"

मी धावलो, तशी त्यांनी माझी बाही धरली. "पळू नका. खाकरत चला. दचाकलं तर अंगावर येतं. आदी कळलं, तर आत सरकून बसतं."

मी खाकरलो.

"देवळात आलाय का? जोरात!"

माझा आवाज जन्मात कधी चढला नव्हता, तो त्या वाटेवर चढला. कपारीचे तोंड दिसले. सुमन दिसेना. मी तिला हाक मारली.

"इकडे आहे हो!" वरच्या उघड्या कातळावर, रणरणत्या उन्हात, ती छत्री धरून बसली होती. "आतून उग्र वास आला. दाराशीच विष्ठा पडलेली, करवंदाच्या बियांची, ओली. म्हटलं, घरमालक आत आहेत, आपण उन्हातच बरं."

माझ्या मागोमाग आलेल्या ठकूबाई खळखळून हसल्या. "बाई हुशार हाय तुमची."

त्यांच्या झापात (गवताने शाकारलेल्या घरात) भाकरी आणि ताक घेतले. दिवस कलला की अस्वल ओढ्याकाठच्या जांभळींकडे उतरते, म्हणून बायका त्याआधीच ओढा सोडतात. सकाळी ते कपारीत परतले की बायका करवंदे तोडायला निघतात. "त्येची येळ झाली की आमी घरात," ठकूबाई म्हणाल्या, "आमची झाली की त्ये घरात. भांडान न्हाई."

रात्र त्याची, दिवस आपला, अशी सोयीची वाटणी मी करून टाकली होती. त्याचाही दिवस कुठेतरी, गार सावलीतच, जात असणार, हे मनात आले नव्हते.

परतीच्या एसटीत मी सुमनची क्षमा मागितली.

"यापुढे सावली मी शोधीन," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं खाकरत चला."