बाईंची दुरुस्ती

"पुसू नका. खोडा."

आमच्या मुख्याध्यापिका बाई हे दिवसातून चार-पाच वेळा तरी म्हणायच्या. फळ्यावर काही चुकलं की पोराचा हात आपसूक डस्टरकडं जायचा आणि बाई वर्गाच्या दुसऱ्या टोकाला असल्या तरी त्यांना तो दिसायचा. "पुसू नका. खोडा. चूक दिसाया पाहिजे, न्हायतर काय सुधारलं ते कसं कळंल?" मग पोरगं चुकलेल्या अंकावर आडवी रेघ मारायचं आणि शेजारी बरोबर अंक लिहायचं. पाहुणे येणार म्हटलं की शाळाशाळांतून फळे कसे धुऊन ठेवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्याकडं साहेब आले तरी खोडाखोड जागच्या जागी असायची.

मी तिथं शिक्षणसेवक म्हणून लागलो. माझं घर तुळजापूरचं आणि शाळा भूम तालुक्यात, ईट गावाच्या पुढं आत. पाचवीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक दोनच, बाई आणि मी. मी रुजू व्हायच्या महिनाभर आधी गावानं लोकवर्गणी काढून शाळेला डिजिटल फळा घेतला होता. बोटानं लिहायचा, बोटानंच चित्रं सरकवायची. तो भिंतीवर टांगलेला होता, वर धुतलेली चादर घातलेली होती आणि चालवणारं कुणी नव्हतं.

"तुमचीच वाट बघत हुतो," पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या. "येतं का न्हाय हे चालवायला? खरं सांगा. येत नसलं तर चादर काढायचीच न्हाय."

मी चादर काढली. खोटा विनय कशाला करू, मला ते चांगलंच येत होतं. आठवड्याभरात पृथ्वी फिरायला लागली, बेडकाचं काळीज धडधडायला लागलं, पाढे ताल धरून गायले जाऊ लागले. शेतावर निघालेली माणसं खिडकीशी थांबून बघायची. मला गावात कुणी चहाशिवाय सोडेना. वय चोवीस आणि एवढा मान, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे वेगळं सांगायला नको.

दसऱ्याला पाटीपूजन असतं, तेव्हा पोरांनी पाट्यांबरोबर या फळ्याचीही पूजा केली. झेंडूचा लांबलचक हार घातला. मी फळा सुरू केला, पंख्याच्या वाऱ्यानं हार हलला आणि पडद्यावर आपोआप रेघा उमटायला लागल्या. या फळ्याला बोट काय आणि झेंडू काय, सारखंच. पण एक पोरगी हात जोडून म्हणाली, "सर, देवी लिहायलीय."

बाईंनी चष्मा वर करून त्या रेघा नीट पाहिल्या. "देवीचं अक्षर एवढं वाईट नसतंय," त्या म्हणाल्या. "हार काढा."

त्यांचं आणि त्या फळ्याचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. त्यावर एक वळणदार बाण असतो. तो दाबला की शेवटचं लिहिलेलं नाहीसं होतं, जणू लिहिलंच नव्हतं. पोरांना तो बाण फार आवडायचा. बाईंना तो बघवत नसे. "लबाड मशीन हाय ही. चूक गिळती आन ढेकरबी देत न्हाय." शेवटी त्यांनी नियम केला की या फळ्यावरही खोडायचंच, बाण दाबायचा नाही. मी मनात म्हटलं, जुनी माणसं.

पण जुनं माणूस म्हणून त्यांना बाजूला ठेवायची सोय नव्हती. रोज दुपारी त्या माझ्या वर्गात येऊन सगळ्यात मागं, पोरांच्या सतरंजीवर बसायच्या. मांडीवर वही. आधी मला वाटलं, माझी तपासणी चाललीय. मग दिसलं की त्या खरोखर लिहून घेत होत्या. मध्येच हात वर करायच्या. "सर, ते पुन्ना एकदा दावा. लई पळालं." पोरांना याचं काहीच वाटत नसे. मला मात्र घाम फुटायचा, कारण बाईंना पुन्हा दाखवायचं म्हणजे आधी आपल्याला नीट कळलेलं असावं लागे.

डिसेंबरात पाचवीला चंद्रकलांचा पाठ आला. मी त्याचं हलतं चित्र लावलं. एका बाजूला सूर्य, मध्ये पृथ्वी, भोवती चंद्र. चंद्र बोटानं ओढायचा आणि बघायचं. त्याचा सूर्याकडचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो. आपल्याला इथून त्यातला कधी थोडा दिसतो, कधी सगळा, कधी काहीच नाही. झाल्या कला. पोरांनी आळीपाळीनं चंद्र ओढला. बाई मागं बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी हात वर केला नाही.

शाळा सुटल्यावर त्या आल्या. "सर, ते चांदाचं लावा."

मी लावलं. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि स्वतः चंद्र ओढला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग विचारलं, "ह्यात पृथ्वीची सावली कुठं हाय?"

"सावली नाहीच बाई," मी हसत म्हटलं. "सावली फक्त ग्रहणाला. रोजच्या कलांचा आणि सावलीचा काही संबंध नाही. पुष्कळ लोकांचा हा गैरसमज असतो."

पुष्कळ लोकांचा असतो, हे मी किती सहज बोलून गेलो. त्यांनी कपाटातून पाचवीचं पुस्तक काढलं, तो पाठ उभ्यानंच वाचला आणि खाली बसल्या. पुस्तकात बरोबरच होतं. छत्तीस वर्षं त्यांनी तो पाठ शिकवला होता. पण लहानपणी डोक्यात सावली बसली होती, ती समोर छापलेल्या ओळीनंही हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर बाईंनी खडू घेतला आणि साध्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्र कमी-जास्त दिसतो.' मग त्यावर आडवी रेघ मारली. "हे मी आजपर्यंत शिकवलं. हे चूक हाय. मला काल सरांच्या वर्गात कळलं," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. मला मात्र मान वर करता येईना.

पहिल्या ओळीतल्या एकानं हात वर केला. "बाई, मग ज्यांनी परीक्षेत सावली लिहिली, त्यांचे मार्क माघारी घ्यायचे का?"

बाई खळखळून हसल्या. पण नंतर खिचडीच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि जे बोलल्या, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

"सर, मी तुमच्यासारखी नवीन हुते तवाची गोष्ट. पहिलंच वर्ष. हाच पाठ चालला हुता आन मागं साहेब बसलेले. एक पोरगं उठलं. म्हणलं, बाई, दुपारचा सूर्यबी वर असतो आन अर्धा चांदबी वर असतो. दोघंबी वर हायत, मग आपली सावली चांदावर कशी पडंल? मला उत्तर येईना. साहेब बघायलेले. आन मला आतून वाटायला लागलं, पोरगं बरोबर बोलतंय. म्हणून मारलं मी त्याला. चुकलं म्हणून न्हाय मारलं सर, बरोबर वाटलं म्हणून मारलं. त्यानंतर वर्षभर त्या पोरानं हात वर केला न्हाय."

माझी सगळी हुशारी त्या क्षणी खाली बसली होती.

"फेब्रुवारीअखेर माझी नोकरी संपती," बाई म्हणाल्या. "त्याच्या आत मला ते पोरगं सापडायला पाहिजे. नोकरीत असताना मारलंय, नोकरीत असतानाच सांगायचंय. नंतर सांगितलं तर ती एक म्हातारी बोलती. तिला काय किंमत?"

शोध सुरू झाला. जुन्या रजिस्टरात नाव सापडलं, पण त्याचं कुटुंब कधीच गाव सोडून गेलं होतं. बाईंनी गिरणीवाल्याला गाठलं, पोलीस पाटलाला गाठलं. हे दोघंही त्यांचेच विद्यार्थी. विचारपूस करता करता बाई त्यांनाही उभ्या उभ्या दुरुस्त करून टाकायच्या. "आन ऐक, तुला चौथी-पाचवीत चांदाचं जे सांगितलंय, ते खोडून टाक." गिरणीवाला पीठ लागलेल्या भुवया वर करून म्हणायचा, "बरं बाई." चंद्र कसाही कमी-जास्त होवो, त्याच्या दळणाचं काही अडत नव्हतं. पण बाईंनी सांगितलं म्हणून त्यानं रीतसर शाळेच्या टॅबवर तेच हलतं चित्रही पाहून घेतलं. अखेर पाटलांनीच पत्ता लावला. तो माणूस परंडा तालुक्यात, सोनारीला होता. तिथं त्याचं वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो तारा भरून पुन्हा चालू करून देत असे.

बाई फेब्रुवारीअखेर निवृत्त झाल्या आणि सोलापूरला लेकीकडं राहायला गेल्या. त्यांच्या खुर्चीवर आता दुसरे मुख्याध्यापक बसतात. निरोपाचा फोटो कार्यालयात लावलाय, शाल, नारळ, सगळं आहे त्यात. मला मात्र बाई म्हटलं की आठवतो तो त्याआधीचा रविवार.

तो रविवार बाईंनी कॅलेंडरात बघून ठरवला होता. शुद्ध अष्टमी होती. दुपारी अर्धा चंद्र वर असणार. माझ्या मोटारसायकलवर त्या मागं एका अंगावर बसल्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत टॅब. वाटेत एकदाच म्हणाल्या, "त्यानं वळखलंच न्हाय तर वळख सांगू नका तुम्ही. मीच सांगीन."

त्यानं लगेच ओळखलं. चाळिशी कधीच ओलांडलेला माणूस, पण टुणकन उठला, तेलकट हात पॅन्टला पुसले आणि वाकून पाया पडला. "बाई! तुमी हिकडं? भैरोबाच्या दर्शनाला आलात व्हय?"

"तुझ्याकडं आले," बाई म्हणाल्या आणि पाणीसुद्धा न पिता त्यांनी सगळं सांगितलं. साहेब, प्रश्न, मार. काहीच झाकलं नाही.

तो हसायला लागला. "बाई, तुमचा मार आमी लई खाल्ला. त्यातला कोणकोणता ध्यानात ठिऊ?"

त्याला आठवत नव्हतं. बाईंचा चेहरा पडला. एवढी वर्षं जे जपलं, ते दुसऱ्याकडं नव्हतंच. पण त्यांनी टॅब काढला. उन्हात पडदा काळा दिसत होता, म्हणून आम्ही शटरच्या आत सरकलो. तांब्याची तार बोटाला गुंडाळलेल्या हातानंच त्यानं चंद्र ओढला. यंत्रातला माणूस, त्याला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. हसणं हळूहळू थांबलं.

"म्हंजे म्या बरोबर हुतो."

"व्हय."

बोटावरची तार सोडवत तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझी धाकटी पोरगी पाचवीला हाय. दिवाळीच्या टायमाला तिनं मला ह्येच इचारलं. चांद दिवसा कसा काय दिसतो, मग सावली कुठनं आली? म्या म्हणलं, गप. सावलीच असती. आमच्या बाईंनी सांगितलंय."

"मारलंस तिला?" बाईंनी विचारलं.

"लई तोंड चालवायली म्हणून..." तो म्हणाला. "एकच."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी त्यांना रडताना त्या एकदाच पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "बोलव तिला."

घर दुकानाच्या मागंच होतं. पोरगी ओंजळीत बोरं घेऊन आली. बाई स्टुलावरून उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "बाळा, तू चांदाचं जे इचारलंस ना पप्पाला, ते बरोबर हुतं. पप्पाबी तुझ्याएवढा असताना बरोबरच हुता. चुकले ती मी. मी त्याला चुकीचं शिकवलं."

पोरीनं आधी बापाकडं पाहिलं, मग बाईंकडं. सगळं नीट समजून घेतलं. "तुमचं चुकलं," ती म्हणाली, "मग तुमाला कुणी मारलं?"

"ए!" बाप ओरडला. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

"न्हाय. कुणीच न्हाय मारलं," त्या म्हणाल्या आणि उजवा हात पुढं केला. छडी खाताना पोरं धरतात तसा, तळवा वर करून. डोळे मिटून घेतले.

पोरीनं बोरं बापाच्या हातात दिली. बाईंच्या तळव्यावर तिनं हळूच चापट मारली, एकच. आणि तो हात सोडला नाही. "चला," ती म्हणाली, "चांद आत्ता वर हाय. तुमाला दावते." बाईंचा हात धरून ती त्यांना रस्त्यावर, उन्हात घेऊन गेली.