निकामी नसलेलं यंत्र

माझा धाकटा भाऊ औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात बावीस वर्षं काम करतो आहे. निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्याच्यावर नोकरीतला पहिला मेमो यायची वेळ आली. तो ज्या बाईंमुळे टळला, त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

कंपनीत त्यांना सगळे तालीमबाई म्हणतात. त्या कॉम्प्युटर विभाग सांभाळतात; हाताखाली दोन मुली. सुरक्षेसाठी यंत्रणेत काही बदल करायचा असला की बाई आधी त्याची रंगीत तालीम घेतात. अर्धा तास बदल लावून बघायचा, कोणाचं काय अडतं ते टिपायचं आणि पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवायचं. "नाटक एक आणि तालमी सतरा," असं माझा भाऊ घरी येऊन कुरकुरायचा. बाई चणीनं लहान, बोलणं हळू, चष्मा गळ्यातल्या दोरीला. पण एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत टेबलासमोरून हलत नाहीत.

या वर्षी नवा नियम आला. रुग्णांची माहिती असलेल्या यंत्रणेला जुने, असुरक्षित झालेले कॉम्प्युटर जोडून ठेवायचे नाहीत. ठरल्या गुरुवारपासून मुख्य यंत्रणा अशांना दारातूनच परत पाठवणार होती. त्यासाठी महिनाभर आधी प्रत्येक विभागाला एक तक्ता भरायला दिला होता. भावानं तो सही करून कोराच परत पाठवला.

आणि त्याच्याच टेबलामागे, खोक्यांच्या रांगेआड, तेरा वर्षांचा एक कॉम्प्युटर चालू होता. थंड जागी ठेवायच्या इंजेक्शनांच्या खोक्यांवर जी चिठ्ठी लागते, ती त्याच्यावरूनच छापली जायची. भाऊ त्याला आजोबा म्हणायचा आणि रोज सकाळी स्वतःच्या रुमालानं पुसायचा.

मंगळवारी दुपारी दोनला तालीम सुरू झाली आणि चार मिनिटांत आजोबा गप्प झाले. चिठ्ठी नाही म्हणून खोकी अडली. व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, "चिठ्ठीशिवाय मी हात लावणार नाही, मग कोणीही सांगू दे." बाई आल्या. पाठोपाठ गोदामाचे साहेब आले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"कॉम्प्युटर," भाऊ म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. तक्त्यात का नाही?"

भाऊ पुढची खोकी बाजूला करू लागला.

"लपवलंत. उद्या मेमो टेबलावर असेल," असं म्हणून साहेब निघून गेले.

बाईंनी तालीम थांबवली. आजोबा सुरू झाले, व्हॅन गेली. मग खुर्ची ओढून त्या भावासमोर बसल्या.

"काका, त्या तक्त्याची प्रत आहे तुमच्याकडे?"

त्यानं ड्रॉवरमधून काढून दिली. बाईंनी चष्मा लावला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विभागातील निकामी यंत्रे'.

"ते निकामी नाही," भाऊ म्हणाला. "तेरा वर्षांत एक चिठ्ठी चुकली नाही त्याची. मी निकामी लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. आणि खरं सांगू का ताई, लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. म्हणून चार खोकी पुढे सरकवली."

"म्हणजे अर्धं खरं आणि अर्धी लपवाछपवी."

"तसंच."

बाईंनी त्या मथळ्यावर बोट ठेवलं. "हा शब्द मी घातलाय," त्या म्हणाल्या. "मी विचारलं काय आणि मला हवं होतं काय."

मी जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या. मुलांची उत्तरं चुकली की प्रश्न पुन्हा वाचून बघावा, हे मला फार उशिरा सुचलं. बाईंना ते तिथल्या तिथे सुचलं.

गुरुवार काही हलणार नव्हता. त्यामुळे बुधवारी सकाळी नऊपासून बाई, त्यांच्या दोन मुली आणि माझा भाऊ आजोबांच्या जागी आणलेल्या नव्या कॉम्प्युटरपुढे बसले. चिठ्ठी छापली जाई, पण शेवटची ओळ, नेमकी किती थंड ठेवायचं ती, कापली जाई. मुलींनी सगळं करून पाहिलं.

"लांबी दोन मिलिमीटर कमी सांगा," भाऊ म्हणाला. "छापताना कागद तेवढा पुढे पळतो."

"हे कुठे लिहिलंय?"

त्यानं कपाळाला बोट लावलं.

"मग ते आधी कागदावर उतरवा," बाई म्हणाल्या. "आठ महिन्यांनी हे डोकं मी कुठे शोधत फिरू?"

त्यानं अशा अकरा गोष्टी लिहून दिल्या. संध्याकाळी चिठ्ठी पूर्ण आली.

"काका, सुरक्षा तपासायला बाहेरचे लोक येतात, त्यांच्यासाठीच्या अहवालात मी हे लिहिणार," बाई म्हणाल्या. "त्यांना मी खोटं दाखवत नाही."

"लिहा. मी सही करतो."

त्यांनी दोन वाक्यं लिहिली. गोदामातलं एक यंत्र नोंदवलं नव्हतं आणि खोक्यांआड ठेवलं होतं. तक्त्याचा मथळा आम्हीच चुकीचा दिल्यामुळे ते नोंदवलं जाणं अवघड होतं. खाली दोघांच्या सह्या.

साहेबांनी वाचून विचारलं, "तुम्ही स्वतःवर कशाला घेताय?"

"माझं आहे तेवढंच घेतलंय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी लिहून ठेवलेला मेमो फाईलमधून काढला आणि खिशात घातला. पुन्हा तो कोणी पाहिला नाही.

गुरुवारी दुपारी तीनला भावाचा मला फोन आला. "दादा, बदल लागला. काही झालं नाही." एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला.

शुक्रवारी तो आभार मानायला बाईंच्या टेबलाशी गेला. त्यांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाल्या, "आभार राहू देत. बाकीच्या गोदामांत माझ्याबरोबर चला. मला बघून लोक खोकी पुढे सरकवतात, तुम्हाला बघून बाजूला करतील."

आता तो दर शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो. ज्या वयात माणसाला हळूच कडेला बसवतात, त्या वयात बाईंनी त्याला कामाला लावलं. मोठा भाऊ म्हणून मी त्यांचा फार ऋणी आहे. आजवर अशी सात यंत्रं उजेडात आली आहेत. आठवं एका जिन्याखाली असावं असा त्याला दाट संशय आहे, कारण तिथला माणूस जिन्याकडे पाठ करून उभा होता आणि सारखं चहा घ्या, चहा घ्या म्हणत होता.