स्वतःच्या चुकांचे शर्ट

चुका लपवणारी माणसं मी आयुष्यात ढिगानं पाहिली, त्यातला एक रोज सकाळी दाढी करताना आरशातही भेटायचा. पण स्वतःच्या चुकांचे शर्ट शिवून, ते घालून भिवंडीच्या बाजारातून ताठ मानेनं फिरणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे मास्टर. शाळेतले नव्हेत, कारखान्यातले. छत्तीस लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, आमच्या कारखान्यात बिघडलेला लूम सुरू करणं, कारागिरांना कामाला लावणं, शेठना तोंड देणं आणि लाइट गेली की दारात उभं राहून "येल आता" असं कोणाचाही विश्वास बसणार नाही अशा आवाजात सांगणं, ही सगळी खाती त्यांच्याकडे होती. तरुणपणी ते स्वतः लूम चालवत. तेव्हा कापडात फॉल्ट निघाला की तेवढा तुकडा फाडून कारागिराच्याच गळ्यात मारायची रीत होती. बाकीचे कारागीर शिव्या देत त्याची फडकी करायचे. मास्टर तो तुकडा घेऊन सरळ शिंप्याकडे जायचे. असे त्यांच्याकडे सात-आठ शर्ट जमले होते. एकाच्या पाठीवर आडवी विरळ रेघ होती, एकाच्या खिशावर तेलाची पिचकारी, एकाच्या पोटावर चार धागे गायब. नवा कारागीर आला की पहिल्या दिवशी मास्टर त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "वाच. ही रेघ पडली तवा मी खिडकीतून वरात बघत व्हतो. तुजं काय व्हईल तं मला येऊन सांग. मी काय तुला खानार न्हाय." बिचारा नवा माणूस उत्तर प्रदेशातून दोन दिवसांचा प्रवास करून आलेला असायचा. मराठी त्याला कळायचं नाही, पण ती पाठ कळायची.

मास्टर खारबावचे. घरी भातशेती होती, भाऊ ती बघायचे. हे सायकलवरून कारखान्यात यायचे. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे तोंडानं बोलण्यावर त्यांचा फारसा भरवसा उरला नव्हता. लूम चालू असताना शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडे सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालायचा. कानाची पाळी ओढली की शेठ आले. मुठीवर अंगठा नाचवला की धोट्यातली सुताची कांडी संपली, नवी घाला. तळहात पालथा धरून छातीसमोर आडवा हलवला की सगळे लूम नीट चालू आहेत, काळजी नको. बाकीचे लोक ही भाषा कारखान्याच्या दारात चपलांशेजारी ठेवून घरी जायचे, मास्टर ती सगळीकडे घेऊन फिरायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात, पडघ्याला, पंगतीत त्यांच्या पानावरचं वरण संपलं. वाढपी तिकडच्या टोकाला गप्पा मारत होते. मास्टरांनी शांतपणे मूठ वर करून अंगठा नाचवला. समोरच्या पंगतीतून आमचे तीन कारागीर भरल्या पानावरून उठले आणि एक वरणाची, दोन भाताची अशा बादल्या घेऊन आले. मुलीकडची मंडळी म्हणून आम्ही ओशाळलो, वऱ्हाडी मात्र मास्टरांना कोणीतरी मोठा अधिकारी समजून शेवटपर्यंत आग्रह करत राहिले.

त्यांचं दुसरं वेड चपलांचं. कारखान्याच्या दाराशी कारागीर चपला काढायचे आणि शिफ्ट सुरू झाली की मास्टर हात मागे बांधून त्या चपलांची पाहणी करायचे. जोडीनं नीट ठेवलेल्या असल्या तर गावाहून चांगलं पत्र आलंय. एक इथे, एक तिथे फेकलेली असली तर खोलीवर भांडण झालंय. आणि चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला असली तर माणसाचं मन इथून उठलंय. असल्या शास्त्रावर मी काय विश्वास ठेवणार? पण एकदा एका कारागिराच्या चपला तीन दिवस बाहेर तोंड करून राहिल्या, तेव्हा त्यानं न मागताच मास्टर त्याला म्हणाले, "जा, आईला बघून ये, लूम मी चालवतो." आणि त्या माणसाला तिथेच रडू फुटलं. आई खरंच अंथरुणाला खिळली होती, रजा मागितली तर लूम दुसऱ्याला जाईल म्हणून तो गप्प होता. तो परत येईपर्यंत मास्टरांनी आपलं काम सांभाळून त्याचे दोन लूम चालवले. शास्त्र चुकायचंही. एकदा विस्कटलेल्या चपला पाहून त्यांनी एका धडधाकट, आनंदी माणसाला बाजूला घेऊन अर्धा तास संसारात तडजोड कशी करावी हे सांगितलं. मागून कळलं की चपला कुत्र्यानं ओढल्या होत्या. त्यावर मास्टर एवढंच म्हणाले, "मंग कुत्र्याला काय तरी व्हत असंल." आणि संध्याकाळी दारातल्या त्या कुत्र्याला बिस्कीट घालताना मी त्यांना पाहिलं.

या माणसाच्या हाताखाली मी सुताच्या गोदामावर लागलो, तेव्हा पंचविशीत होतो आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. काम सोपं होतं. पोत्यांमधून सुताचे कोन, म्हणजे निमुळत्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं सूत, काढायचे आणि कांड्या भरणाऱ्या रशीदभाईंकडे द्यायचे. रशीदभाई उतारवयाचे, आझमगढकडचे, दहा वर्षं त्याच मशीनवर होते. आमच्याकडे तेव्हा दोन प्रकारचं सूत यायचं. दिसायला अगदी सारखं, फरक फक्त कोनाच्या पुठ्ठ्याच्या टोकाच्या रंगात, एकाचं हिरवं, एकाचं निळं. गोदामातल्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही काळपटच दिसायची. कोन उजेडात नेऊन बघायचे असतात, हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारणं कमीपणाचं वाटत होतं. मी एका आठवड्यात दोन्ही पोती मिसळून टाकली. कोऱ्या कापडात हे दिसत नाही. कापड रंगवलं की दिसतं, कारण दोन सुतं रंग कमीजास्त पितात. महिन्याभरानं व्यापाऱ्यानं पोपटी रंगवलेले तागे परत पाठवले, तेव्हा त्यांच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट-गडद, फिकट-गडद पट्टे होते.

शेठ मूळचे भिवंडीतलेच, कोकणी मुसलमान, तीन पिढ्यांचे लूमवाले. माणूस वाईट नव्हता, पण तागे परत आल्यावर कोणाचाही चांगुलपणा पातळ होतो. त्यांनी पट्टे पाहिले आणि हिशोब केला की सूत मिसळलं म्हणजे कांड्या भरताना मिसळलं. "रशीदभाईंची नजर गेली," ते मास्टरांना म्हणाले, "शुक्रवारच्या सुट्टीनंतर त्यांना येऊ नका म्हणून सांगा." रशीदभाईंनी वाद घातला नाही. डोळ्यांपुढे बोटं धरून पाहिली आणि म्हणाले, "हो सकता है, उमर हो गई." मी चार हात अंतरावर उभा होतो. ते पट्टे बघताक्षणी मला दोन्ही पोती आठवली होती. मी तोंड उघडलं नाही. माझी नोकरी नवी, घरी बायकोला दिवस गेलेले, आणि म्हाताऱ्याला कुठेही काम मिळेल असं मी स्वतःला सांगत होतो. दोन दिवस मला भाकरी गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मास्टर मला चहाला घेऊन गेले.

त्या दिवशी त्यांच्या अंगात बदामी शर्ट होता. त्यांच्या सगळ्या शर्टांत हाच एक कोडं घालणारा, कारण त्यात फॉल्टच नव्हता. आम्ही सगळ्यांनी पूर्वी पैजा लावून शोधला होता. मास्टर तेव्हा नुसते "हाय" म्हणून गप्प बसायचे. हॉटेलात बशीत चहा ओतून त्यांनी आपण होऊन तो विषय काढला.

"यात चूक का सापडत न्हाय, सांगू? ह्यो तागा माझा न्हायच. शेजारच्या लूमवाल्याचा. माझ्या ताग्यात हातभर फॉल्ट व्हता, पर नंबर घालनाऱ्यानं चुकून त्याचा नंबर मला घातला, माझा त्याला. मी बघितलं. म्हनलं, उद्या सांगू. उद्याला त्याला काढला."

"कुठे गेला तो?"

"मालेगावला गेला म्हनतात. मी दोन डाव जाऊन आलो, सापडला न्हाय. मंग त्याच्या चांगल्या कापडातलं इकत घेतलं नि शर्ट शिवला. बाकीच्यांची मला लाज न्हाय वाटत. याची वाटते." त्यांनी चहा संपवला. "तुज्या वहाना परवापासून भायेर तोंड करून हायत."

बस, एवढंच. कोणी केलं, का केलं, एक अक्षर विचारलं नाही. मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. माणसानं ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, म्हणजे आपल्यालाही उलट बोलता येतं. हा गृहस्थ शर्ट दाखवून बिल द्यायला उठला होता. मी तिथूनच शेठकडे निघालो, आणि मास्टर न बोलावता माझ्या बरोबरीनं चालत होते.

शेठना मी सगळं सांगितलं. पोती, बल्ब, रशीदभाई, माझं गप्प बसणं. सांगताना आवाज इतका बारीक झाला की शेठनी दोनदा "काय?" म्हणून विचारलं, आणि तेच वाक्य तीन वेळा कबूल करायची पाळी आली. ते काही बोलायच्या आत मास्टर म्हणाले, "अर्धी चूक माझी लिवा. गोदामाची चावी दिली, कोन उजेडात बघायला शिकवलं न्हाय." शेठ त्या पोपटी ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्टर, तुमचं कपाट आधीच भरलंय. हे सगळं कुठे घालणार तुम्ही?" मास्टर म्हणाले, "दोन शर्टांचं द्या. बाकी लुंग्यांना खपंल." शेठ हसले, आणि माझ्या छातीवरून एखादं पोतं उतरावं तसं झालं. रशीदभाई राहिले. मी राहिलो. रशीदभाईंना सांगायला गेलो तेव्हा सगळे लूम खडखडत होते, माझी माफी मलासुद्धा ऐकू येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली कांडी खाली ठेवली आणि तळहात पालथा धरून छातीसमोर आडवा हलवला. मी गोदामात जाऊन पोत्याला टेकून मनसोक्त रडलो. इतकं हलकं मला नंतर मुलगी सुखरूप झाली तेव्हाच वाटलं.

दोन पोपटी पट्टेरी शर्ट शिवले गेले, एक त्यांचा, एक माझा. बायको म्हणाली, हा घालून माझ्याबरोबर यायचं नाही. मी कारखान्यात घालायचो. पुढे वर्षं गेली, शेठच्या मुलांनी लूम विकून जागेचं गोदाम केलं, आणि मी पडघ्याच्या एका मोठ्या गोदामात चौदा माणसांवर सुपरवायझर झालो. तिथल्या एका हमालानं एकदा काचसामानाची पेटी पाडली आणि कोणी न विचारता स्वतः येऊन मला सांगितलं. मी त्याच्यावर ओरडलो नाही. तो गेल्यावर मला मास्टरांची इतकी आठवण आली की पुढच्या रविवारी तो जुना शर्ट घालून मी खारबावला गेलो.

मास्टर ओटीवर बसले होते. लूमनी त्यांचे कान पुरते घेतले होते. सूनबाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोलून उपेग न्हाय, त्यांना हातानंच सांगा. आमी सगली शिकलो." नातवंडंसुद्धा मुठीवर अंगठा नाचवून आजोबांना आणखी भात हवा का, विचारत होती. मास्टरांच्या अंगात तोच पोपटी शर्ट होता, कॉलर उलटून शिवलेली, पट्टे विटून जवळजवळ एक झालेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. वाकून पायरीखाली पाहिलं, जिथे मी चपला काढल्या होत्या, आणि बराच वेळ पाहत राहिले. मलाच धास्ती वाटली, म्हणून मीही वाकून पाहिलं. जोडी नीट होती, तोंडं घराकडे होती. मास्टरांनी मान वर केली आणि हात पालथा धरून छातीसमोर आडवा हलवला. मीही माझा हात तसाच हलवला, आणि मग आम्ही दोघं एकसारख्या शर्टात चहा येईपर्यंत ओटीवर बसून राहिलो.