वहीत नसलेली मोरी

नव्या अभियंत्यांच्या प्रशिक्षणाला मला अजूनही बोलावतात. तिथं इस्त्रीच्या शर्टातला कुणीतरी पडद्यावर रंगीत तक्ते दाखवून सांगतो, की रस्ता ही सरकारची मालमत्ता आहे, तिची नीट यादी हवी आणि दरवर्षी तिची तब्येत तपासली पाहिजे. पोरं माना डोलावतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो चुकीचं काही सांगत नाही. पण यादी कशी बनते आणि तब्येत कोण, कुठं बसून तपासतं, हे तो सांगत नाही. मला ते चांगलं ठाऊक आहे, कारण ते पाप मी केलेलं आहे.

वाळूजला कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. औरंगाबादच्या रस्त्यांच्या कचेरीत मी कनिष्ठ अभियंता म्हणून नवीन लागलो होतो, अजून कायम व्हायचा होतो. माझ्याकडं फुलंब्रीच्या बाजूचा एक आडरस्ता होता आणि त्या रस्त्याची एक जाडजूड वही होती. निजामाच्या काळात ती उर्दूत लिहिलेली. पोलीस अ‍ॅक्शननंतर कुणा कारकुनानं ती मराठीत उतरवली, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुणीतरी जुन्या वहीवरून नवी वही उतरवत आलेलं. रस्ता किती लांब, झाडं किती, मोऱ्या किती, आणि प्रत्येकीसमोर स्थितीच्या रकान्यात एकच शब्द: ठीक. मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी काढून देणारी छोटी दगडी कमान. वहीत अशा चौदा मोऱ्या होत्या.

मोऱ्या मोजायची आमच्या कचेरीची एक रीत होती. जीप पळवायची, दोन्ही बाजूंचे कठडे दिसले की वहीत खूण करायची. कमानीखाली उतरायचं नाही. पहिल्या वर्षी मी एका मोरीपाशी जीप थांबवायला सांगितली, तर ड्रायव्हर वैतागला.

"उतरते काय कू साब? कठडे दिखरे ना यां से. नीचे साप रैते."

मी उतरलो नाही. जेवणाच्या सुट्टीआधी आम्ही कचेरीत परत. चौदा मोऱ्या, चौदा वेळा ठीक, खाली माझी सही. दुसऱ्या वर्षी तर मी जीपसुद्धा नेली नाही. मागच्या वर्षीची वही समोर घेतली, चहा मागवला आणि रस्त्याची पाहणी खुर्चीत बसून उरकली.

त्या रस्त्याची देखभाल एक मैलकुली करायचा. खड्ड्यात मुरूम टाकणं, साइडपट्टीचं गवत काढणं, मोरीत अडकलेला पाला ओढणं, हे त्याचं काम. मेंढरं राखणाऱ्या घरातला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. अर्धं आयुष्य रोजंदारीवर गेलं होतं, आणि त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत एकदाचं त्याचं नाव लागलं होतं. गप्प बसला असता तर चार महिन्यांत कायम झाला असता. तो गप्प बसला नाही. उन्हाळ्यात एक दिवस कचेरीत माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, माजी एक मोरी तुमच्या वहीत नाय."

"कुठली?"

"वडाच्या अलीकडची. टरकानं कठडे पाडले, त्याला लई वर्सं झाली. दगडं लोकांनी नेली. कठडे नाय म्हून जीपमधून ती तुमाला दिसत नाय, अन् वहीतनं बी गळली. पर खालून कमान उकलली हाय. उन्हाचं मेंढरं घिऊन तिथंच बसतो मी. वरून गाडी गेली की डोक्यावर माती पडती."

मी वही घेऊन आमच्या उपअभियंत्यांकडं गेलो. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. हा माणूस आवाज कधी चढवायचा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

"पंधरावी मोरी?" ते म्हणाले. "आज ती नोंदवली, तर इतकी वर्षं चौदा लिहून सह्या करणारे सगळे खोटे ठरतील. त्यात मी आहे, तुम्हीही आहात. आणि जी मोरी वहीतच नाही, तिची दुरुस्ती मी वर कशी मागू?"

म्हणजे वहीत नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि कुणी उतरून बघितलं नाही म्हणून वहीत नाही. मी बाहेर आलो आणि "मामा, पुढच्या वर्षी बघू," असं म्हणत त्याच्या तोंडाला पानं पुसली आणि त्याला वाटेला लावलं.

मग त्यानं स्वतःच कंबर कसली. एका मंत्र्याच्या दौऱ्यासाठी झाडांना गेरू-चुना लावला होता, त्यातला उरलेला चुना त्यानं नेला आणि त्या मोरीच्या दोन्ही बाजूंना धोंडे मांडून ते पांढरे केले. जीपमधून दिसावेत म्हणून! एवढ्यावर तो थांबला नाही. त्या रस्त्यानं वाळूजच्या कामगारांची शिफ्टची बस जायची. हा लाल फडकं घेऊन आडवा उभा राहायचा, सगळ्यांना खाली उतरवायचा आणि रिकामी बस हळूच पलीकडं न्यायला लावायचा. कामगारांना उशीर व्हायचा, ते त्याला शिव्या घालायचे. शेवटी बसवाल्यानं कचेरीत तक्रार केली.

नोटीस काढायचं काम माझ्याकडं आलं. मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली. 'ज्या ठिकाणी कोणतेही बांधकाम अस्तित्वात नाही, अशा ठिकाणी वाहतूक अडविल्याबद्दल आपणास कामावरून कमी का करू नये?' ते वाक्य साहेबांना फार आवडलं.

नोटीस द्यायला मीच गेलो. तो वडाखाली उभा होता.

"कागुद घेतो साहेब," तो म्हणाला. "पर आदी खाली या."

दोन वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्यावरून खाली उतरलो. वाकून कमानीखाली गेलो. मधले दोन दगड निसटून खाली पडलेले होते आणि त्यांच्या जागी बोटभर उजेड दिसत होता. उरलेल्या दगडांमधला चुना कधीच धुऊन गेलेला. तेवढ्यात वरून एक टेम्पो गेला. माझ्या केसांत, कॉलरमध्ये माती आणि खडे पडले. मी घाबरून बाहेर पळालो. तो हसला नाही.

"आता बगितलं ना तुमी? मंग लिवा."

"लिहितो," मी म्हणालो.

त्यानं नोटिशीवर अंगठा दिला. मी लिहिलं नाही. मला कायम करायची फाईल साहेबांच्या टेबलावर होती, आणि मी शेपूट घातली. आठ दिवसांनी त्याला कामावरून काढलं. कायम होणाऱ्यांच्या यादीतलं त्याचं नाव कुणीतरी पट्टी धरून सरळ रेघेत खोडलं.

श्रावणात, दोन दिवसांच्या झडीनंतर, सिमेंटच्या एका ट्रकचं मागचं चाक त्या कमानीत गेलं. ट्रक ओढ्यात कलंडला, ड्रायव्हरचा हात मोडला. कामगारांनी गच्च भरलेली शिफ्टची बस त्याच्या थोडंच आधी तिथून गेली होती. तिला अडवायला आता कुणी नव्हतं.

मग वरून आदेश आला, की प्रत्येक रस्ता पायी चालून पाहा आणि वही नव्यानं लिहा. मी गुलमंडीतून नवी कोरी वही आणली आणि चाललो. प्रत्येक कमानीखाली वाकलो. ज्या चौदा मोऱ्या मी ठीक म्हणून लिहिल्या होत्या, त्यांतल्या दोन ठीक नव्हत्या. साप एकीखालीही निघाला नाही. पडलेल्या मोरीला मी पंधरावा क्रमांक दिला.

महिन्याभरानं साहेबांनी मला बोलावून एक पत्र हातात ठेवलं. कसोशीनं पाहणी करून एक अज्ञात मोरी शोधून काढल्याबद्दल माझं कौतुक केलं होतं. अज्ञात! मी ते पत्र घेतलं. आभारही मानले. त्याच आठवड्यात मी कायम झालो.

मोरीचं काम सुरू झालं तेव्हा मी बघायला गेलो. ठेकेदाराच्या माणसांत तो होता, डोक्यावर खडीची पाटी घेऊन. मला बघून त्यानं पाटी खाली ठेवली. तो मला शिव्या देईल असं मला वाटलं होतं, खरं तर द्याव्यात असंच वाटत होतं.

"म्हंजी मोरी व्हती ना, साहेब?"

"होती, मामा."

"मंग तेवढं एका कागदावर लिवून द्या. घरच्यांना वाटतं, मला येड लागलं व्हतं."

माझ्या खिशाला पेन होतं. वही काखेत होती. मी म्हणालो, "कचेरीत या. बघू."

त्यानं पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि तो कामाला लागला. कचेरीत तो कधी आला नाही. पुढं कित्येक वर्षं मी त्या मोरीवरून जीपनं गेलो. तिचे नवे कठडे खिडकीतून छान दिसायचे.