उजवीकडे ओढणारं विमान

माझी सगळी नोकरी ब्रेक तपासण्यात गेली. पीथमपूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात तयार झालेली गाडी रोलरवर चढवायची, पायडल दाबायचं आणि समोरचे दोन काटे बघायचे, एक डाव्या चाकाचा आणि एक उजव्या चाकाचा. दोन्ही काटे बरोबरीनं वर गेले तर गाडी पास. एक मागे राहिला तर गाडी ब्रेक लावल्यावर दुसऱ्या बाजूला ओढणार, म्हणजे मागे राहिलेला ब्रेक वाढवायचा. इतकं साधं काम मी इतकी वर्षं केलं की अजूनही बसमध्ये बसलो की बस थांबताना माझं अंग आधी सांगतं, हिचा डावा ढिला आहे. बायको म्हणते, तुमच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे शिक्षा आहे. असेल.

रिटायर झाल्यावर देवासच्या घरात मी कंप्युटरवर विमान उडवायला लागलो. हे वेड मामांमुळे. माझे मामा धारला राहतात. तरुणपणी ते निमाडात कपाशीवर औषध फवारणारं विमान उडवायचे. त्या विमानाला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक. जमिनीवर असताना त्याचं नाक आभाळाकडे, त्यामुळे पायलटला समोरचं काही दिसत नाही, बाजूला बघूनच सरळ चालवायचं. आणि वजन चाकांच्या मागे. शेपूट जरा बाजूला गेली की तीच पुढे यायला बघते आणि विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं. हे सगळं पायांनी सांभाळायचं. पायडल पुढे ढकललं की दिशा बदलते, त्याच पायडलचा वरचा भाग चवड्यानं दाबला की त्या बाजूचा ब्रेक लागतो. डाव्या पायाला डावा, उजव्याला उजवा. लहानपणी मामांचं हे ऐकताना मला वाटायचं, हा माणूस हातानं काही करतच नसेल.

दोन वर्षांपूर्वी मामांना झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, हात परत आला, डावा पाय मात्र अर्धवट राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रबराचा पट्टा देऊन गेल्या, तो मामांनी कपाटाच्या दाराला बांधला आणि तसाच सोडून दिला. मामी फोनवर म्हणाली, "हे काही करत नाहीत रे. नुस्ते खिडकीत बसतात. तूच काही तरी बघ."

मी माझा कंप्युटर, विमानाची पायडलं, हातातला दांडा, सगळं गाडीत घालून धारला नेलं आणि त्यांच्या बैठकीत मांडलं. शेपटीचाकाचं विमान निवडलं. मामांना म्हटलं, "पायाचा व्यायाम समजा."

पहिल्या दिवशी त्यांनी नाक मुरडलं. मी घेऊन गेलो होतो ती त्या विमानाच्या खेळाची जुनी आवृत्ती होती. त्यात धावपट्टीवर उतरल्यावर ब्रेक कितीही करकचून दाबा, विमान गरीब गाईसारखं उभं राहायचं. मामा म्हणाले, "ये तो झूठ है, भिया. इतका ब्रेक मारला असता तर मी आत्ता नाकावर असतो." मामा मला भाचा असूनही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, धारला सगळ्यांना सगळे म्हणतात.

मी हट्टाला पेटलो. नवी आवृत्ती घातली, ती बनवणाऱ्यांनी म्हणे जमिनीवरचं वागणं नव्यानं बसवलं होतं. मामांनी विमान उतरवलं, मुद्दाम दोन्ही ब्रेक जोरात दाबले. शेपूट वर उचलली गेली, पंखा जमिनीत घुसला आणि पडद्यावर माती उडाली. मामा इतके खूश झाले की त्यांनी मामीला स्वैपाकघरातून बोलावून ते मोडलेलं विमान दाखवलं. "आता बरोबर," ते म्हणाले. "आता हे माफ नाही करत."

त्यानंतर ते रोज सकाळी चहा झाला की बसायला लागले. मी आठवड्यातून एकदा जायचो. दुसऱ्या आठवड्यात मी शेजारी बसून बघत होतो. मामांनी विमान सुरेख उतरवलं, वेग कमी होईपर्यंत सगळं ठीक, आणि ब्रेक लावला की विमान उजवीकडे ओढायचं आणि गिरकी घ्यायचं. परत उतरवलं, परत उजवीकडे. मामांच्या कपाळावर घाम. मामी दारात उभी राहून बघत होती, तिला बघून ते आणखी चुकायला लागले.

आणि मी काय केलं? मामा आंघोळीला गेले तेव्हा मी सेटिंग उघडलं आणि डाव्या पायडलचा ब्रेक वाढवून ठेवला. अर्धं दाबलं तरी पूर्ण लागेल, इतका. खरं सांगतो, माझ्या मनात फसवाफसवी नव्हती. दया होती की नाही तेही आठवत नाही. गाडी उजवीकडे ओढते, डावा वाढवा, इतकंच हाताला माहीत होतं. आणि हे ड्रायव्हरला सांगायचं असतं हे मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. कारखान्यातून गाडी सरळ बाहेर पडते, चालवणाऱ्याला कशाला माहीत हवं कुठला बोल्ट किती पिळला.

आंघोळ करून आलेल्या मामांनी विमान उतरवलं. सरळ थांबलं. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग डाव्या गुडघ्यावर हात फिरवला.

पुढचे काही महिने मामा बदलले. दाढी रोज व्हायला लागली. फोनवर मला वाऱ्याचे हिशेब सांगायचे, आज आडवा वारा लावला होता तरी रेषेवर थांबवलं. मामी म्हणायची, "पाय सुधारतोय रे ह्यांचा. देवीनं ऐकलं." मी देवासला आपल्या खुर्चीत बसून अभिमानानं फुगायचो. सेटिंगची मला आठवणसुद्धा नव्हती. पास केलेल्या गाड्या कोण लक्षात ठेवतं?

नवरात्र आठ दिवसांवर आलं तेव्हा मामांचा फोन आला. लग्न झाल्यापासून दर नवरात्रात मामा स्वतः गाडी चालवून मामीला देवासच्या टेकडीवर देवीला आणायचे. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जायला मामी तयार नसायची, आणि तिला दुसऱ्या कुणी न्यावं हे मामांना चालायचं नाही. झटक्यानंतर ते राहिलं होतं. मामा म्हणाले, "या वेळी मी आणतोय तिला. काल गाडीत बसून क्लच दाबून बघितला, पूरा दबतो. पाय आला आहे भिया. तुझी मेहरबानी."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आणि तेव्हा मला तो डावा ब्रेक आठवला. क्लच डाव्या पायाचाच. उभ्या गाडीत सावकाश दाबला तर तो दबेलच. पण इंदूरच्या बायपासवर समोर ट्रक थांबला तर किती वेळात दबेल, हे मामांना माहीत नव्हतं. माहीत नसण्याची व्यवस्था मी केली होती. आणि शेजारच्या सीटवर मामी असणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारला पोचलो. वाटेत ठरवलं होतं, स्पष्ट सांगायचं. पोचलो तर मामा देवघरात होते, मामीनं पोहे केले होते. मी गुपचूप कंप्युटर लावला आणि ते सेटिंग पूर्ववत केलं. मनात म्हटलं, त्यांचं त्यांना कळेल, मला बोलायला नको. भित्रेपणा तो भित्रेपणाच.

मामा पूजा आटोपून आले, मला दाखवायला उत्साहानं बसले. उतरवलं. विमान उजवीकडे ओढलं आणि गिरकी घेऊन कडेच्या गवतात गेलं. ते हसले, म्हणाले, लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळून डावा पाय दाबला, मांडी थरथरताना मला दिसली, आणि विमान परत फिरलं.

दोन्ही हातांनी डावा पाय धरून ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, डॉक्टरांना फोन लाव. पाय परत गेला. रात्री काही तरी झालं असणार."

मामी पीठ लागलेल्या हातानं धावत आली. तशाच हातानं ती फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली. मी उभा राहिलो.

"काही झालेलं नाही, मामा. पाय काल होता तसाच आहे. डावा ब्रेक मी वाढवून ठेवला होता. आज काढला."

"कितना?"

"अर्धं दाबलं की पूर्ण लागेल इतका."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

मामी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मामा पायडलकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "गाडीत खराबी नव्हती, भिया. खराबी माझ्यात होती. तू गाडी ठीक केलीस." मग मामीला म्हणाले, "मी तुला रोज सांगत होतो, सुधारतोय म्हणून." मामी म्हणाली, "असू दे हो." त्यांनी मान हलवली. नाही, असू दे नाही.

मी माफी मागितली. पोहे तसेच राहिले. परत येताना पूर्ण रस्ता मला स्वतःचा राग येत होता, आणि त्याहून जास्त, ते पाय धरलेले दोन हात आठवून लाज वाटत होती. झटका एकदा त्यांना देवानं दिला होता, दुसऱ्यांदा मी दिला.

अष्टमीच्या आदल्या दिवशी मामीचा फोन आला. "हे म्हणतायत, तू ये. गाडी तू चालव." एवढंच. मी गेलो. मामा फाटकापाशी तयार उभे होते, हातात किल्ली. ती माझ्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर बसले. मामी मागे, मांडीवर ओटीचं सामान.

वाटेवरचं घाटाबिल्लोद गाव मागे पडलं. मग माझ्या लक्षात आलं. मी गिअर बदलायला क्लच दाबला की मामाही आपला डावा पाय पायाखालच्या रबरी मॅटवर दाबत होते. आधी चप्पल हलायची, मग घोटा, मग पाय खाली जायचा. तोवर माझा गिअर पडलेला असायचा. प्रत्येक वेळी ते उशिरा पोचत होते, आणि प्रत्येक वेळी पूर्ण दाबत होते.

मला ते बघवेना. मी हळूच वेळ काढायला लागलो. क्लच दाबून धरायचा, त्यांची चप्पल खाली जाऊ द्यायची, मग गिअर टाकायचा. तीन-चार वेळा आमचे पाय बरोबर पडले.

मामा समोर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "थांबू नकोस. तू तुझ्या वेळेवर टाक. मला कळू दे."

मी हो म्हटलं. पुढे टोलनाका आला, बायपासवर ट्रक आले, वळणं आली. मी माझ्या वेळेवर गिअर टाकत राहिलो. देवासची टेकडी दिसेपर्यंत त्यांचा पाय एकदाही वेळेवर पोचला नाही, आणि त्यांनी एकदाही दाबायचं सोडलं नाही.